रीमिनरलायझिंग अ‍ॅडहेसिव्हला मराठीत काय म्हणाल?

पाटीपेन्सिल: मैत्रिणीच्या दातांच्या दवाखान्यासाठी रुग्णांना द्यायचं पत्रक मराठीत करतेय. 'रीमिनरलायझिंग अ‍ॅडहेसिव्ह'पाशी अडलेय, म्हणजे भरण दाताला चिकटवणारं आणि दाताला क्षार परत देणारं द्रव्य. यंत्राने 'पुनर्खनिजीकरण करणारा चिकट पदार्थ' असं दिलं. सासूबाईंनी वाचून विचारलं, "दातात खाण काढणार का गं?"

खलबत्ता: खनिज नकोच. शाळेत 'कॅल्शियमचे क्षार' शिकलो, तेच घ्या. 'पुनःक्षारण'. अ‍ॅडहेसिव्हला 'आसंजक'.

तिसरी दाढ: छापताना एक काना सुटला की 'क्षरण'. म्हणजे झिजणं, नेमकं उलटं! आणि 'आसंजक' ऐकून रुग्ण खुर्चीतून उठेल. (मी दंतवैद्य आहे, पाहिलंय.)

आधी घडतं काय ते सांगतो. एनॅमलमध्ये, म्हणजे दाताच्या बाहेरच्या कडक थरात, वजनाने सुमारे 96 टक्के खनिजच असतं. गोड खाल्लं की जंतू आम्ल तयार करतात. पीएच (आम्लतेचं माप, जितकं कमी तितकं आम्ल जास्त) साधारण 5.5 च्या खाली गेला की क्षार विरघळून बाहेर पडतात, लाळ ते परत पोचवते. ही ये-जा दिवसभर चालू असते. जाणं जास्त झालं की आधी खडूसारखा पांढरा डाग, मग खड्डा. डाग फ्लोराइडने माघारी फिरू शकतो, खड्डा मात्र भरावाच लागतो.

भरण धरून ठेवायला हे अ‍ॅडहेसिव्ह. 1955 मध्ये ब्यूनोकोर या अमेरिकी दंतवैद्यांनी फॉस्फोरिक आम्लाने एनॅमल खरबरीत करून दाखवलं, तिथून ही गोष्ट सुरू होते. पाट्याला टाकी लावावी तसंच ते. एनॅमलच्या आतला थर म्हणजे डेंटिन, त्याची गंमत वेगळी. आम्लाने क्षार गेले की कोलॅजेन या प्रथिनाच्या तंतूंची ओली जाळी उरते. रेझिन, म्हणजे अ‍ॅडहेसिव्हमधला चिकट भाग, तिच्यात तळापर्यंत पोचत नाही आणि काही वर्षांनी भरण तिथेच सुटायला लागतं. म्हणून रेझिनमध्ये कॅल्शियम फॉस्फेटचे अतिसूक्ष्म कण घालून पाहतायत. तोंडात आम्ल वाढलं की कणांतून कॅल्शियम आणि फॉस्फेट सुटतं आणि त्या जाळीत जाऊन बसतं. बरंचसं काम अजून प्रयोगशाळेतच आहे, पत्रकात फार मोठी आश्वासनं देऊ नका.

खलबत्ता: 'टाकी' एकदम पटलं. वाटण पाट्यावरून नुसतं सरकायला लागलं की आजी टाकीवालीची वाट बघायची. एचिंगला, म्हणजे आम्लाने खरबरीत करण्याला, हाच शब्द ठेवा.

ओटीवरून: 'कीड लागली' तेवढं टाळा. आमच्याकडे अजून रिंगणीच्या बियांचा धूर घेऊन 'अळ्या' पाडतात. 'दात किडला' चालेल.

पाटीपेन्सिल: 'भरून येणे' कसं वाटतं? दात डॉक्टर भरतात, जखम आपोआप भरून येते.

तिसरी दाढ: शब्द गोड आहे, पण फसवा. खड्डा बुजेल असं वाटेल. आकार परत येत नाही, मऊ पडलेला भाग कडक होतो, इतकंच.

खलबत्ता: मग 'मुरणे'! लोणच्यात मीठ मुरतं तसे दातात क्षार.

पाटीपेन्सिल: हे बघा: 'भरणाखाली लावायचा लेप. त्यातले क्षार दातात मुरतात आणि मऊ पडलेला भाग कडक व्हायला मदत होते.'

तिसरी दाढ: 'मुरणे' घेतलं. पण नुसतं 'लेप' म्हटलंत तर लोक मेडिकलमध्ये मागायला जातील. 'डॉक्टर लावतात तो लेप' लिहा.