नागपुरातून भाड्याची गाडी घेऊन गावाकडे निघताना: आपापले अनुभव सांगावेत

दिवाळी, लग्नसराई आणि उन्हाळ्याची सुटी या हंगामांत आमच्या आर्वी तालुक्यातल्या बहुतेक घरांत एक प्रश्न हमखास निघतो: पुण्या-बंगळुरूहून नागपुरात उतरलेली मंडळी पुढे गावापर्यंत कशी येणार? दिवसा एसटीची सोय होते, परंतु रात्री उशिरा उतरणाऱ्याला तिचा भरवसा नसतो, आणि चालकासह गाडी ठरवावी तर परतीचे रिकामे भाडेही आपल्याच माथी बसते. त्यामुळे स्वतः चालवायची भाड्याची गाडी, म्हणजे काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असलेली, आता आडगावांच्या वाड्यांसमोरही उभी दिसते. महामार्गाला लागल्यावर सहसा कोणाची तक्रार नसते; सगळी दमछाक होते ती पहिल्या पंधरा-वीस किलोमीटरमध्ये, जिथे गाडी आपली नसते, शहर आपले नसते आणि मागचा माणूस सतत हॉर्न वाजवत असतो.

माझ्यापुरते सांगतो. नागपुरातून बाहेर पडणारे रस्ते पुढच्या गावांच्या नावांनीच ओळखले जातात: वर्धा रोड, उमरेड रोड, भंडारा रोड, कामठी रोड, काटोल रोड, अमरावती रोड. चौकात गाडी थांबवून आर्वीचा रस्ता विचारला तर तीन माणसे तीन दिशा दाखवतात, कारण आर्वीला वर्ध्यावरूनही जाता येते आणि अमरावती रोडने कोंढाळी, तळेगाव करूनही. त्यामुळे कोणत्या रोडने बाहेर पडायचे हे घरूनच ठरवून घ्यावे आणि नकाशात गावाचे नाव न टाकता त्या रोडवरचे पहिले मोठे ठिकाण टाकावे. थेट गावाचे नाव टाकले की दोन मिनिटे वाचवण्यासाठी नकाशा कोणत्या गल्लीत नेऊन सोडेल याचा नेम नाही.

आता आपण लिहावे. कोणत्या बाजूने निघालात, गाडी ताब्यात घेताना काय पाहिले आणि कुठे अडलात, एवढे आले तरी पुढच्या माणसाला उपयोगी पडेल.

वणी, जिल्हा यवतमाळ

मी शिक्षिका आहे आणि माझी स्वतःची गाडी मारुतीची असल्यामुळे तिचा मागचा गिअर उजवीकडे खाली पडतो, याची हाताला सवय आहे. विमानतळावर मिळालेली गाडी ह्युंदाईची होती. तिच्यात गिअरच्या दांड्यावर मुठीखाली एक कडी असते; ती दोन बोटांनी वर उचलून धरायची, दांडा डावीकडे नेऊन पुढे ढकलायचा, तेव्हा कुठे गाडी मागे जाते. कडी न उचलता जोर लावला तर गाडी पहिल्या गिअरमध्ये पडण्याची शक्यता असते आणि समोर भिंत असेल तर प्रसंग अवघड होतो. गाडी देणाऱ्या मुलाने हे आपण होऊन सांगितले नाही. मीच विचारले आणि पार्किंगमध्ये पुढे-मागे करून पाहिल्यावरच त्याला जाऊ दिले. वायपर, दिव्यांचा खटका, काचेवरची वाफ घालवायचे बटण आणि इंधनाच्या काट्याशेजारचा छोटा बाण हेही तिथेच पाहून घ्यावे. टाकीचे झाकण कोणत्या बाजूला आहे ते हा बाण दाखवतो, म्हणजे पंपावर गाडी उलटी लावण्याची वेळ येत नाही.

विमानतळावरून निघणाऱ्याचे नशीब चांगले, कारण त्याला शहरात शिरावेच लागत नाही. वर्धा रोडला येऊन डावीकडे वळले तर अजनी आणि सीताबर्डी, उजवीकडे वळले तर चिंचभवन, खापरी, जामठा आणि बुटीबोरी. या एका वळणावर लक्ष ठेवले की पुढे जांबपर्यंत विचारायचे काही उरत नाही. जांबला हैदराबादचा रस्ता सरळ हिंगणघाटकडे जातो आणि वरोरा-चंद्रपूरचा डावीकडे फुटतो. वरोऱ्याहून वणीकडे येताना पावसाळ्यात पाटाळ्याच्या पुलाची चौकशी आधी करावी, कारण वर्धा नदीला पूर असला की तो रस्ता बंद होतो आणि नकाशाला ते उशिरा कळते.

बुटीबोरीच्या पुढे बोरखेडीचा टोलनाका लागतो. भाड्याच्या गाडीवरच्या फास्टॅगमध्ये शिल्लक आहे का, हे गाडी घेतानाच विचारून ठेवावे. शिल्लक नसली की जादा टोल भरावा लागतो, आणि मागे ट्रकांची रांग लागलेली असताना कंपनीला फोन लावत बसण्याची पाळी येते.

नागभीड, जिल्हा चंद्रपूर

वरील ताईंना विमानतळ लाभला. आमच्यासारख्या रेल्वेने उतरणाऱ्यांना उमरेड रोड गाठण्यासाठी अर्धे नागपूर ओलांडावे लागते. पुतण्याच्या लग्नासाठी मी स्टेशनजवळून सात आसनी गाडी घेतली, तेव्हा संध्याकाळची वेळ होती आणि कॉटन मार्केटच्या बाजूला हातगाड्या, सायकल रिक्षा आणि सामान उतरवणारे टेम्पो यांतून पाय ब्रेकवरून उचलायची सोय नव्हती. एका ऑटोवाल्याला विचारले तर तो म्हणाला, "मेडिकल चौकातून सक्करदरा धरा, मंग दिघोरी. दिघोरी सुटली का रस्ता तुमचाच हाय, भाऊ." हेच तीन टप्पे मी कागदावर लिहून काचेपाशी ठेवले आणि मोबाइल बंद केला. शेजारी बसलेल्या मेहुण्याचे काम एकच, पुढचा चौक कोणता ते मोठ्याने सांगणे. नकाशातील बाईंपेक्षा मेहुण्यावर माझा विश्वास अधिक आहे, कारण त्याला निदान उलटून विचारता तरी येते.

शहर सुटले म्हणजे सगळे सुटले, असे मात्र उमरेड रोडवर समजू नये. उमरेडच्या आसपास कोळशाचे ट्रक असतात आणि पुढे कऱ्हांडला अभयारण्याचा पट्टा आहे, तिथे अंधार पडल्यावर रोही (नीलगाय) किंवा रानडुक्कर अचानक रस्त्यावर येते. आपली गाडी असती तर ब्रेक किती लवकर लागतो याचा अंदाज पायाला असता; भाड्याच्या गाडीत तो नसतो, म्हणून पहिल्या मोकळ्या तुकड्यावर मागे कोणी नाही असे पाहून एकदा जोरात ब्रेक दाबून बघावा.

साकोली, जिल्हा भंडारा

माझा अनुभव रस्त्याचा कमी आणि हिशेबाचा अधिक आहे. सेंट्रल अव्हेन्यूने वर्धमाननगर, पारडी करत भंडारा रोडला लागलो. गर्दी अफाट होती, पण रस्ता सरळ असल्याने चुकायला वाव नव्हता. गाडी परत केल्यावर मात्र कंपनीने मागच्या बंपरवरचा ओरखडा दाखवून अनामत रकमेतून मोठी कपात सांगितली. सुदैवाने गाडी घेताना मुलीने चारही बाजूंनी, छप्पर आणि चाकांच्या रिमसह, मोबाइलवर चित्रफीत काढली होती आणि त्यात तो ओरखडा स्पष्ट दिसत होता. ती दाखवल्यावर कपात रद्द झाली, पण त्यासाठी चार वेळा फोन करावे लागले आणि दिलगिरीचा एक शब्दही ऐकायला मिळाला नाही. गाडी उन्हात उभी करून घ्यावी, तळघरातल्या पार्किंगमध्ये ओरखडे दिसत नाहीत.

आणखी एक बाब. चौकातल्या कॅमेऱ्यांनी टिपलेले चलान गाडीच्या मालकाच्या नावावर येते आणि तो ते नंतर आपल्याकडून वसूल करतो. म्हणून चलानची प्रत आणि त्यावरील वेळ मागून घ्यावी. त्या वेळी गाडी आपल्याच ताब्यात होती का, हे ताडून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

कारंजा लाड, जिल्हा वाशीम

समृद्धी महामार्ग 11 डिसेंबर 2022 रोजी नागपूर ते शिर्डी सुरू झाल्यापासून आमच्या भागाचे गणितच बदलले आहे. विमानतळावरून वर्धा रोडने जामठ्यापर्यंत यावे, तिथून बाह्य वळण रस्त्याने शिवमडका गाठावे, की कारंजाच्या फाट्यापर्यंत एकही चौक नाही. शहर टाळण्याचा याहून सोपा मार्ग मला ठाऊक नाही. टोल उतरताना अंतरानुसार कापला जातो, म्हणजे फास्टॅगची शिल्लक आधी पाहणे इथेही आलेच.

माझा आग्रह टायरांबद्दल आहे. भाड्याची गाडी दर आठवड्याला नव्या हातात जाते आणि हवा पाहण्याची जबाबदारी कोणीच आपली मानत नाही. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीस अंशांवर जातो, रस्ता काँक्रीटचा, वेगमर्यादा ताशी 120 किलोमीटर. अशा वेळी कमी हवेचे टायर तापून फुटण्याचा धोका खरा असतो. महामार्गावर चढण्याआधीच्या पंपावर चारही चाकांची आणि स्टेपनीचीही हवा तपासावी. किती हवी ते चालकाच्या दाराच्या कडेला चिकटवलेल्या पट्टीवर लिहिलेले असते. टायरची नक्षी झिजलेली दिसली तर गाडी बदलून मागावी आणि त्यासाठी अर्धा तास गेला तरी जाऊ द्यावा. मी एकदा अशी गाडी नाकारली, तेव्हा काउंटरवरच्या माणसाने मला फारच चिकित्सक ठरवले. मला ते मान्य आहे.

पांढरकवडा, जिल्हा यवतमाळ

आमच्या बाजूची बरीच माणसे उपचारासाठी नागपूरऐवजी हैदराबादला जातात, म्हणून तिकडचे लिहितो. शमशाबादच्या विमानतळावर गाडी घेतल्यास हैदराबाद शहरात जाण्याची गरज नाही. शहराभोवती 158 किलोमीटरचा बाह्य वळण रस्ता आहे; त्यावर चढून मेडचलला उतरले की आपण राष्ट्रीय महामार्ग 44 वर असतो आणि कामारेड्डी, निर्मल, आदिलाबाद करत पैनगंगा ओलांडून घरी येतो. उतरण्याचा फाटा चुकला तर पुढच्या फाट्यापर्यंत जाण्यावाचून गत्यंतर नसते, तेव्हा मेडचलची पाटी दिसू लागली की डावी बाजू धरावी.

गाडी घेताना दोन प्रश्न विचारून उत्तर लेखी घ्यावे: ती राज्याबाहेर नेता येते का, आणि किती किलोमीटरनंतर जादा आकार सुरू होतो. पांढरकवडा तिथून साडेतीनशे किलोमीटरहून अधिक आहे आणि गाडी तिथेच परत करायची असल्याने हे अंतर दुप्पट धरावे लागते. अशा हिशेबात कधी कधी चालकासह गाडीच स्वस्त पडते, हे धागा काढणाऱ्यांना पटणार नाही, पण आकडेमोड करून पाहावी.

परतवाडा, जिल्हा अमरावती

अमरावती रोडने निघणाऱ्यांनी वाडी सकाळी लवकर ओलांडावी, गोदामांचे ट्रक सुरू झाल्यावर तिथे गाडी सरकत नाही. आणि कापसाच्या हंगामात गावाकडच्या फाट्यावर वळल्यावर वेग निम्मा करावा. भरलेल्या बंड्या आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रात्री मागच्या दिव्याशिवाय चालतात, ट्रॉलीबाहेर आलेला कापूस रस्त्याची अर्धी रुंदी अडवतो, आणि भाड्याच्या गाडीचे दिवे नीट जुळवलेले असतीलच असे नाही. दिवे भिंतीवर पाडून पाहण्याचे काम शहरातच, गाडी ताब्यात घेताना उरकावे.