मायएसक्यूएल ५.७ वरून ८.० वर आल्यापासून इव्हेंट नीट चालत नाहीत

रात्रपाळी (प्रश्न)

जुना सर्व्हर ५.७, ऑफिसातल्या मशीनवर. नवा ८.०, क्लाउडवर. ॲप्लिकेशनचा डेटाबेस मायएसक्यूएलडंपने (डेटाबेसची फाइल काढून देणारं साधन) हलवला, --इव्हेंट्स आणि --रूटीन्स दोन्ही दिले होते. युजर नव्या सर्व्हरवर हाताने तयार केले. मग आठवडाभर नवा सर्व्हर जुन्याची रेप्लिका (त्यातले बदल सतत उतरवून घेणारी प्रत) होता आणि रविवारी ॲप्लिकेशन त्यावर वळवलं.

एकूण ९ इव्हेंट (ठरलेल्या वेळी सर्व्हर आपोआप चालवतो ती कामं) आहेत. सहांचा लास्ट_एक्झिक्युटेड (शेवटचं कधी चालला ती वेळ) वेळच्या वेळी पुढे सरकतोय, पण जुने रो डिलीट होत नाहीत. दोघांचा लास्ट_एक्झिक्युटेड नल (रिकामा) आहे. एक काम करतो, पण रात्री २ ऐवजी सकाळी साडेसातला. इव्हेंट_शेड्युलर ऑन आहे, शो प्रोसेसलिस्टमध्ये त्याचा डेमन थ्रेडही दिसतो. आणखी काय तपासू?

लॉगवाचक

लक्षणं तीन आहेत आणि कारणंही तीन असणार, त्यामुळे एकाच दोषाच्या मागे लागू नका.

आधी ते सहा. इव्हेंट सुरू झाला की लास्ट_एक्झिक्युटेड बदलतो. आतलं काम पार पडलं की नाही, याच्याशी त्या वेळेचा संबंध नाही. म्हणजे शेड्युलर त्यांना उठवतोय आणि ते लगेच कोसळतायत. कारण एरर लॉगमध्येच मिळेल. तुमची आवृत्ती ८.०.२२ किंवा पुढची असेल तर फाइल शोधायलाही नको:

सिलेक्ट लॉग्ड, डेटा फ्रॉम परफॉर्मन्स_स्कीमा.एरर_लॉग व्हेअर डेटा लाइक '%इव्हेंट शेड्युलर%' ऑर्डर बाय लॉग्ड डेस्क लिमिट २०;

माझा अंदाज डिफायनरचा, म्हणजे इव्हेंट ज्या युजरच्या हक्कांनी चालतो त्याचा, आहे. युजर हाताने केलेत, म्हणजे जुन्या आयपीसकट असलेला एखादा बॅच युजर नव्या सर्व्हरवर नसेल. इन्फर्मेशन_स्कीमा.इव्हेंट्समधला डिफायनर कॉलम मायएसक्यूएल.युजरशी ताडून बघा. नाव आणि होस्ट दोन्ही अक्षरश: जुळायला हवेत. डंप रूटने लोड केला असेल, तर डिफायनर अस्तित्वात नसला तरी इव्हेंट तयार होतो. चूक पहिल्यांदा चालतानाच उघडी पडते. इव्हेंट एखादा प्रोसीजर कॉल करत असेल तर रूटीन्समधला डिफायनरही तपासा, तो वेगळा साठवलेला असतो.

उपाय: 'बॅच'@'लोकलहोस्ट' असा युजर करा. त्या डेटाबेसवर त्याला इव्हेंट, सिलेक्ट, डिलीट आणि लागत असेल तर एक्झिक्यूट, एवढेच हक्क द्या. मग प्रत्येक इव्हेंटसाठी:

ऑल्टर डिफायनर = 'बॅच'@'लोकलहोस्ट' इव्हेंट जुने_साफ इनेबल;

डिफायनर हा शब्द गाळू नका. नुसतं ऑल्टर इव्हेंट केलं की ते करणाराच नवा डिफायनर होतो. रूटने घाईत केलेला एक 'इनेबल' तो इव्हेंट कायमचा रूटच्या हक्कांनी चालवतो, आणि हे महिनोन्महिने कुणाच्या लक्षात येत नाही.

सह्यकडा

नल असलेले दोन इव्हेंट रेप्लिकेशनच्या आठवड्यात जुन्या सर्व्हरवर तयार केलेले असावेत. त्यांचा स्टेटस बघा, स्लेव्हसाइड_डिसेबल्ड निघेल. रेप्लिकेशनमधून आलेला इव्हेंट रेप्लिकावर मुद्दाम बंद ठेवला जातो आणि सर्व्हर मुख्य झाला तरी आपोआप सुरू होत नाही. ओरिजिनेटर कॉलममध्ये जुन्या सर्व्हरचा सर्व्हर_आयडी दिसला की खात्री झाली. वरच्यासारखंच डिफायनर देऊन इनेबल करा.

डंपमधून आलेल्या इव्हेंटना मात्र हे संरक्षण नसतं. ते इनेबल्ड स्थितीतच येतात आणि ८.० मध्ये शेड्युलर मुळातच ऑन असतो (५.७ मध्ये ऑफ असायचा). म्हणजे तो साडेसातचा इव्हेंट आठवडाभर दोन्ही सर्व्हरवर चालला असणार. तो फक्त डिलीट करत असेल तर बहुधा निभावलं. इन्सर्ट करत असेल तर त्या टेबलमध्ये दुबार रो आहेत का, हे आजच तपासा. पुढच्या वेळी रेप्लिका उभी करताना कॉन्फिग फाइलमध्ये इव्हेंट_शेड्युलर=ऑफ ठेवा आणि बदलाच्या दिवशी सेट पर्सिस्टने ऑन करा. सेट ग्लोबल केलंत तर पुढच्या रीस्टार्टला ते विसरलं जाईल.

साडेसातचं कोडं सोपं आहे. त्या इव्हेंटचा टाइम_झोन 'सिस्टिम' असेल. जुनं मशीन भारतीय वेळेवर होतं, क्लाउडचं यूटीसीवर. तिथले २ म्हणजे आपले ७:३०. शेड्यूल पुन्हा दिल्याशिवाय साठवलेला झोन बदलत नाही. सेशनमध्ये आधी सेट टाइम_झोन = '+०५:३०' करा, मग ऑल्टर इव्हेंटमध्ये ऑन शेड्यूल एव्हरी १ डे स्टार्ट्स देऊन उद्याच्या तारखेची ०२:०० ही वेळ लिहा. इथेही डिफायनर हवाच. 'एशिया/कोलकाता' असं नाव वापरायचं तर टाइमझोनची टेबलं आधी भरलेली लागतात. आपल्याकडे घड्याळ मागेपुढे होत नसल्याने ऑफसेट पुरतो. इव्हेंटच्या आतला नाऊ() हाही त्याच झोनमध्ये धरला जातो, म्हणून 'आजपर्यंतचे रो' अशा अटींचा निकालही बदलेल.

रात्रपाळी

तिन्ही अंदाज बरोबर निघाले. सहांचा डिफायनर जुन्या आयपीचा होता, दोघे स्लेव्हसाइड_डिसेबल्ड. साडेसातचा इव्हेंट फक्त डिलीट करतो, त्यामुळे दुबार रो नाहीत. आता सगळे चालतात, पण दर १५ मिनिटांच्या साफसफाईच्या इव्हेंटच्या एकाच वेळी तीन प्रती प्रोसेसलिस्टमध्ये दिसतायत आणि लॉक वेटचे टाइमआउट येतायत.

लॉगवाचक

इतक्या दिवसांचा साठा एका डिलीटमध्ये काढायला १५ मिनिटं पुरत नाहीत, आणि आधीची फेरी संपली नसली तरी शेड्युलर पुढची सुरू करतो. आत्ता ऑल्टर इव्हेंटने तो डिसेबल करा आणि तीनपैकी सर्वांत जुनी प्रत सोडून बाकीच्या दोन किल करा. जुनीला हात लावू नका. तिने केलेलं सगळं रोलबॅक (रद्द) होत बसेल.

मग बॉडी बदला. एका वेळी एकच प्रत चालावी म्हणून सुरुवातीला गेट_लॉक('जुने_साफ', ०) हे नावाचं कुलूप घ्या आणि १ मिळाला नाही तर तिथेच बाहेर पडा. डिलीटला लिमिट ५००० लावून लूप चालवा, प्रत्येक फेरीनंतर कमिट. तारखेच्या कॉलमवर इंडेक्स नसेल तर आधी तो करा, नाहीतर लिमिट लावूनही प्रत्येक फेरी पूर्ण टेबल चाळू शकते. शेवटी रिलीज_लॉक. मध्येच चूक झाली तरी सेशन संपताना लॉक सुटतो, त्यामुळे अडकून राहण्याची भीती नाही.

सोबत एक छोटं नोंद-टेबल ठेवा: इव्हेंटचं नाव, सुरू, संपला, किती रो, चूक. एसक्यूएलएक्सेप्शनसाठी एक्झिट हँडलर (चूक झाल्यावर चालणारा भाग) लिहा. त्यात सर्वांत आधी गेट डायग्नोस्टिक्सने संदेश व्हेरिएबलमध्ये घ्या, मग रोलबॅक, नोंद, कमिट आणि शेवटी रीसिग्नल (तीच चूक पुन्हा वर पाठवणं), म्हणजे एरर लॉगमध्येही तो उमटतो. मॉनिटरिंगची सूचना 'संपला' या वेळेवर लावा. सर्व्हर बंद असताना हुकलेली फेरी मायएसक्यूएल नंतर भरून काढत नाही, ती चुकल्याचं या टेबलवरूनच कळेल.