अनुभव धागा: स्कीइंगची सुट्टी, आखणी आणि खर्च

मंडळी, दिवाळी सरली की "यंदा गुलमर्गला स्की शिकायचंय, किती खर्च येईल?" हा प्रश्न सुरू होतो आणि उत्तर मिळतं "मस्त जागा आहे, जाऊन या." म्हणून हा धागा. प्रवासवर्णन नको, फोटोही नंतर. कधी जायचं, कशाला किती पैसे धरायचे, कुठे फुकट जातात, एवढंच लिहा. रुपयांतले आकडे अंदाजाचे समजावेत, हंगामाप्रमाणे खालीवर होतात.

ठाण्याहून, गुलमर्गबद्दल

आधी तारखा ठरवा, बाकीचं बजेट त्यावरच उभं राहतं. काश्मिरातला चिल्लई कलान, म्हणजे कडाक्याच्या थंडीचे ४० दिवस, २१ डिसेंबरला सुरू होतो. नाताळात हॉटेलांचे दर आकाशाला भिडलेले आणि बर्फ मात्र बेभरवशाचा. शिकायचं असेल तर जानेवारीचा उत्तरार्ध ते फेब्रुवारीअखेर हा काळ धरा. तोही हमखास नाही. २०२४ च्या जानेवारीत गुलमर्ग बराच काळ कोरडं होतं, आणि २०२५ मध्ये खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांचा तिथला टप्पा बर्फाअभावी फेब्रुवारीवरून मार्चमध्ये ढकलावा लागला. म्हणून रात्रीमागे थोडे जास्त गेले तरी चालतील, पण रद्द करता येणारंच बुकिंग घ्या आणि परतीच्या विमानाआधी एक रात्र श्रीनगरला राखीव ठेवा. बर्फ पडला की रस्ता आणि विमान दोन्ही एकदमच अडतात.

श्रीनगर विमानतळापासून गुलमर्ग साधारण ५५ किलोमीटर. त्यातले शेवटचे १३, टंगमर्गपासून वरचे, खरे महागात पडतात. ताज्या बर्फात चाकांना साखळ्या नसलेली गाडी टंगमर्गलाच थांबवतात, मग तिथून साखळीवाली किंवा फोर बाय फोर गाडी वेगळे पैसे देऊन घ्यावी लागते. विमानतळावरून टॅक्सी ठरवताना "वरपर्यंत साखळीसकट" असं स्पष्ट बोलून घ्या. टंगमर्गलाच गमबूट आणि लांब कोट भाड्याने गळ्यात मारायला लोक गराडा घालतात. स्कीइंग करणाऱ्याला त्यातलं काहीच लागत नाही.

दोघांसाठी, पाच दिवस स्कीचे आणि सहा रात्री, असा हिशेब मांडून बघा. मुंबई-श्रीनगर जाऊन-येऊन विमान ३० हजार. हॉटेल, नाश्ता आणि रात्रीच्या जेवणासह, रात्रीला ७ हजारांनी ४२ हजार. टॅक्सी आणि साखळीची गाडी मिळून १० हजार. स्की, बूट, काठ्यांचं भाडं दिवसाला माणशी १२०० धरून १२ हजार. शिकवणारा तीन दिवस, दोघांत एक, साडेसात हजार. लिफ्ट आणि गोंडोला, म्हणजे डोंगरावर नेणारा रोपवे, ६ हजार, कपड्यांची भरती १० हजार. झाले १ लाख १७ हजार ५००. त्यावर १५ टक्के राखीव ठेवले की १ लाख ३५ हजार. राखीव रक्कम कापून बजेट बसवू नका, ती रस्ता बंद पडल्यावरच्या जादा रात्रीची आहे.

पैसे वाचवायची खरी जागा गोंडोला. पहिले दोन-तीन दिवस नवशिक्याला तिकडे फिरकायचंही कारण नाही. गोल्फच्या मैदानालगतचे उथळ उतार आणि तिथल्या छोट्या ड्रॅग लिफ्ट, म्हणजे स्कीवर उभ्याउभ्या वर ओढून नेणाऱ्या दोऱ्या, पुरतात. थांबता आणि दोन्हीकडे वळता यायला लागलं की पहिला टप्पा, म्हणजे कोंगडोरी, साधारण ३१०० मीटर. दुसरा टप्पा अफरवट डोंगरावर ३९०० मीटरच्याही वर नेतो. नवशिक्याने तो बघायला म्हणून जावा आणि गोंडोलानेच उतरावा. तिथे स्कीसाठी सपाट केलेला, राखलेला उतार नाही. २०२३ च्या फेब्रुवारीत अफरवटवर हिमस्खलनात पोलंडचे दोन स्कीअर गेले, पुढच्याच वर्षी खिलनमर्गजवळ एक रशियन गेला. ट्रान्सीव्हर (बर्फाखालचा माणूस शोधणारं रेडिओ यंत्र), फावडं, प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि ते वापरता येणारा सोबती नसेल तर आखलेल्या हद्दीच्या दोरीबाहेर जायचं नाही. दुसरा टप्पा वाऱ्यामुळे वरचेवर बंद असतो, त्यामुळे तो शेवटच्या दिवसावर टाकू नका.

आणि हो, महाराष्ट्रातलं प्रीपेड सिम तिथे चालत नाही. एकाकडे तरी पोस्टपेड हवं. थोडी रोकड जवळ ठेवा, बर्फात कार्ड मशीन रुसतात.

नाशिकहून

वरचा हिशेब बरोबर आहे, पण ज्यांना फक्त शिकायचंय त्यांनी कोर्सचा विचार करावा. गुलमर्गला केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ स्कीइंग अँड माउंटेनीअरिंग आहे. मनालीच्या अटलबिहारी वाजपेयी पर्वतारोहण संस्थेचे कोर्स सोलंगला होतात, उत्तराखंडातल्या औलीला गढवाल मंडल विकास निगमचे ७ आणि १४ दिवसांचे. दिवसागणिक खर्च खासगी शिक्षकापेक्षा बराच कमी. बदल्यात लवकर उठणं, डॉर्मिटरी, वयाची अट आणि वैद्यकीय दाखला. जागा लवकर भरतात, तेव्हा ऑक्टोबरपासूनच चौकशी करा.

औलीच्या बाबतीत जुनी माहिती बघून जाऊ नका. जोशीमठला जमीन खचायला लागल्यावर २०२३ च्या जानेवारीत तिथून वर जाणारा रोपवे बंद केला, आणि जुने ब्लॉग अजून त्याचीच तारीफ करतात. रस्त्याने पंधराएक किलोमीटर वर जावं लागतं आणि बर्फात तेवढ्यालाही वेगळी गाडी. ऋषिकेश ते जोशीमठ साधारण २५० किलोमीटर घाटरस्ता आहे, पूर्ण दिवस त्यातच जातो. पाच दिवसांच्या सुट्टीत औली बसवायला जाऊ नका.

पुण्याहून, भाड्याच्या सामानाबद्दल

सहल बिघडते ती बहुतेक वेळा बुटांमुळे, आणि त्यासाठी जादा पैसे लागत नाहीत, अर्धा तास लागतो. पहिल्या दिवशी दुकानात सगळ्यात आधी पोचा.

स्कीच्या बुटाचं माप म्हणजे पायाची लांबी, सेंटिमीटरमध्ये. टाच भिंतीला लावून उभं राहा, मोठ्या पायाचं माप घ्या. नेहमीच्या बुटाचा नंबर सांगितला की दुकानदार अंदाजाने मोठा बूट देतो. तो दहा मिनिटं मऊ वाटतो, मग टाच आत उचलली जाते आणि स्की वळतच नाही. आतला मऊ भाग काढून नुसत्या कवचात पाय घाला, बोटं पुढे टेकवा. टाचेमागे दीड ते दोन सेंटिमीटर जागा उरली तर माप बरोबर. मग आतला भाग परत घालून टाच जमिनीवर आपटा, आधी घोट्यावरचे पट्टे लावा, नंतर पावलावरचे. सरळ उभं राहिल्यावर बोटं पुढे टेकायला हवीत आणि गुडघे वाकवले की सुटायला हवीत. मोजा एकच, पातळ आणि लांब. दोन मोजे घातले तर पाय गरम राहत नाही, उलट रक्त अडून गार पडतो. आतली थर्मल पँट बुटात कोंबू नका, तिची घडी नडगीला रुतते.

बाइंडिंगच्या, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या आणि पडल्यावर सोडणाऱ्या पकडीच्या, आकड्यासाठी वजन, उंची, वय आणि आपण किती शिकलोय, हे चारही खरं सांगा. इथे फुशारकी मारली तर पडल्यावर स्की पायातून सुटत नाही आणि ताण थेट गुडघ्यावर येतो. दुकानदाराने वजन न विचारताच स्की हातात दिली तर दुसरं दुकान बघा. नवशिक्याची स्की छाती ते हनुवटीदरम्यान पोचेल एवढी. हेल्मेट भाड्याने चालेल, गॉगल स्वतःचा असावा. जीन्स आणि सुती बनियन पूर्ण बाद, भिजले की वाळत नाहीत.

म्युनिकहून

इकडे राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी. ऑस्ट्रियात शनिवार ते शनिवार हा आठवड्याचा साचा असतो, दोन दिवस कमी करून फार काही वाचत नाही. नाताळ आणि फेब्रुवारीतल्या शाळेच्या सुट्ट्या टाळा. ६ जानेवारीनंतरचे दोन-तीन आठवडे त्याच गावात त्याच खोलीला बरेच स्वस्त मिळतात. सहा दिवसांचा स्कीपास, म्हणजे लिफ्टचं तिकीट, सुट्या दिवसांपेक्षा परवडतो, पण पूर्ण नवशिक्या असाल तर पहिल्या दिवशी घेऊच नका. सरावाच्या लिफ्टचं तिकीट बऱ्याच ठिकाणी वेगळं असतं. गाडीने जात असाल तर ऑस्ट्रियाचं विन्येट, म्हणजे महामार्गाच्या टोलचा परवाना, घ्या. बर्फाळ रस्त्यावर १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल हिवाळी टायर सक्तीचे आहेत.

इटलीत उतरणार असाल तर २०२२ पासून दुसऱ्याला इजा झाल्यास भरपाई देणारा विमा सक्तीचा आहे. ऑस्ट्रियात स्कीच्या उतारावरून हेलिकॉप्टरने उचललं तर बिल आपल्या नावाने येतं आणि साधा आरोग्य विमा ते सहसा भरत नाही. अल्पेनफेराइन या गिर्यारोहण संघाच्या सभासदत्वात बचावाचं संरक्षण येतं. पर्वतात वरचेवर जाणाऱ्यांना ते सोयीचं.

भारतातून आई-बाबांसह येणाऱ्यांसाठी: शेंगेन व्हिसाची फी जून २०२४ पासून ९० युरो आहे, ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ४५. व्हिसाला लागणारा ३० हजार युरोंचा विमा आणि स्कीइंगचा विमा एकच समजू नका. पॉलिसीत हिवाळी खेळ वगळलेत का ते शोधा, आणि असतील तर जादा हप्ता भरून आत घ्या.

न्यू जर्सीहून

अमेरिकेत एकच गोष्ट: तिकीट खिडकीवर घेऊ नका. २०२४-२५ ला कोलोरॅडोतल्या व्हेल (Vail) या स्की केंद्राचं एका दिवसाचं तिकीट गर्दीच्या दिवसांत ३०० डॉलरच्या वर होतं. व्हेलच्याच कंपनीचे, एपिक नावाचे, एक ते सात दिवसांचे पास हंगामाआधी घेतले तर दिवसाचा खर्च निम्म्याहून खाली येतो, पण विक्री डिसेंबरच्या सुरुवातीला बंद होते. थँक्सगिव्हिंगला, म्हणजे नोव्हेंबरअखेर, ठरवून टाकायचं.

पुन्हा पुण्याहून

एक राहिलं. हातमोजे नि बुटांचा आतला भाग रोज रात्री वाळवा, पण बुखारीवर, म्हणजे खोलीतल्या लाकडाच्या शेगडीवर, ठेवून नाही. हातमोज्यांचा पाणी अडवणारा थर वितळतो आणि बुटाचं अस्तर आकसतं. खोलीत दोरी बांधून बुखारीपासून हातभर लांब टांगा. हॉटेल ठरवतानाच विचारा, बुखारीचं लाकूड खोलीभाड्यात आहे की वेगळं.