वेळापत्रक बघून पाणी की माती बघून?

प्रश्न (देवगड): परसातल्या वांगी-मिरचीला ठरल्याप्रमाणे रोज पाणी घालतोय, तरी खालची पानं पिवळी पडतायत. अंदाजाने घालू का?

उत्तर १: माती बघून अंदाजानेच घाला. बोट दोन पेरं मातीत खुपसा. ओल लागली तर त्या दिवशी पाणी नको. सतत ओलीत मुळांना हवा मिळत नाही. दुपारी पानं मलूल दिसली तरी थांबा, उन्हात ती मान टाकतातच. सकाळीही तशीच आणि माती कोरडी असेल तर लगेच घाला.

उत्तर २: माती ओली असून झाड मलूल, तर जिवाणूंमुळे झाड सुकवणाऱ्या मर रोगाची शंका घ्या. खोड कापून ग्लासभर स्वच्छ पाण्यात धरा. दुधाळ धार सुटली तर झाड मुळासकट उपटा, तिथे टोमॅटोही नको.

उत्तर ३: खाली कातळ असेल तर वाफा वीतभर उंच करा. पातेरा (सुका पालापाचोळा) पसरा, पण खोडाला चिकटवू नका, कुजतं.

प्रश्नकर्ता: बोटाला चिखलच लागला. आजपासून पाणी बंद.