मध्यमा पूर्ण झाली. संगीताच्या पदवीसाठी पुढे काय काय लागते?

प्रश्न: एक पालक, जुळे सोलापूर

नमस्कार. माझी मुलगी यंदा बारावी वाणिज्य शाखेत आहे. गेली नऊ वर्षे ती आमच्याच भागातील गुरुजींकडे ख्यालगायन शिकते आणि अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची मध्यमा पूर्ण परीक्षा ती गेल्या वर्षी उत्तीर्ण झाली. आमचे टॉवेलचे चार यंत्रमाग आहेत. पदवीचे तोंड पाहणारी ती आमच्या घरातली पहिलीच असेल, त्यामुळे विचारायला जवळचे कोणी नाही. तिला पदवी संगीतातच घ्यायची आहे. नातेवाईक म्हणतात, आणखी दोन परीक्षा देऊन विशारद झाली की तीच पदवी. हे खरे आहे का, वाणिज्य शाखेमुळे अडचण येईल का, आणि गाण्याखेरीज नेमके काय काय पूर्ण करावे लागते?

उत्तर: निवृत्त संगीतशिक्षिका, रेल्वे लाइन्स

दादा, आधी नातेवाइकांचा समज दूर करते, कारण त्या एका समजापायी मी चांगल्या मुलींची वर्षे गेलेली पाहिली आहेत. विशारद ही मोठ्या मानाची परीक्षा आहे, परंतु ती कायद्याच्या अर्थाने पदवी नव्हे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९५६ च्या कायद्यानुसार पदवी देण्याचा अधिकार विद्यापीठांना आणि कायद्याने तसा अधिकार मिळालेल्या संस्थांनाच आहे. मात्र कोणत्याही शाखेची पदवी आणि जोडीला विशारद असेल, तर काही विद्यापीठे संगीताच्या एम. ए. ला प्रवेश देतात. म्हणून विशारद सोडू नका; फक्त तिला पदवीच्या जागी बसवू नका.

वाणिज्य शाखेची काळजी नको. संगीताच्या पदवीला साधारणतः कोणत्याही शाखेची बारावी चालते. खरी कसोटी प्रवेशचाचणीत लागते. पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रासारख्या ठिकाणी परीक्षकांसमोर गावे लागते. तिने तिथे संवादिनीच्या (पेटीच्या) आधारावर विसंबू नये. आपला स्वर, म्हणजे सा, पेटीच्या काळ्या पट्ट्यांपैकी काळी चार आहे की काळी पाच, हे तिला ठाऊक असावे आणि त्या स्वरात तानपुरा स्वतः लावता यावा.

आता श्रेयांकांचे, म्हणजे क्रेडिटचे सांगते. नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रात एका सत्राला २० ते २२ श्रेयांक असतात, म्हणजे तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२ आणि चार वर्षांच्या ऑनर्सला १६० ते १७६. लेखी विषयाचा एक श्रेयांक म्हणजे १५ तास, प्रात्यक्षिकाचा ३० तास. त्यामुळे चार श्रेयांकांच्या गायनाच्या प्रात्यक्षिकाला एका सत्रात १२० तास, अर्थात पंधरा आठवड्यांच्या सत्रात आठवड्याला आठ तास, वर्गात बसावे लागते; घरचा रियाज त्याबाहेर. शिवाय सगळे श्रेयांक संगीताचे नसतात. भाषा, पर्यावरण, भारतीय ज्ञानपरंपरा, दुसऱ्या शाखेतला एखादा विषय, क्षेत्रप्रकल्प हे सारे उत्तीर्ण झाल्याशिवाय पदवी हातात पडत नाही. महाविद्यालयात एकच गोष्ट नीट विचारून घ्या, की संगीत तिथे मुख्य विषय म्हणून आहे की केवळ ऐच्छिक. ऐच्छिक संगीत घेऊन पदवी दुसऱ्याच विषयाची मिळते आणि पालकांना ते तिसऱ्या वर्षी कळते.

मुली अडतात त्या लेखी परीक्षेत. स्वरलेखनाचेच पाहा. भातखंडे पद्धतीत स्वराच्या डोक्यावर बिंदू दिला की तो तार, म्हणजे वरच्या सप्तकातला आणि खाली दिला की मंद्र, म्हणजे खालच्या सप्तकातला. पलुस्कर पद्धतीत मात्र डोक्यावरचा बिंदू मंद्राचा आणि तारेसाठी उभी रेघ. भातखंडे समेला (तालाच्या पहिल्या मात्रेला) गुणाकाराची खूण करतात आणि ‘खाली’ला (टाळी न देता हात मोकळा सोडण्याच्या मात्रेला) शून्य, तर पलुस्कर समेला एक लिहितात आणि खालीला अधिकाची खूण. एकाच पद्धतीत वाढलेली मुलगी घाईत दोन्हींची सरमिसळ करते, आणि गळ्यात पक्की बसलेली बंदिश कागदावर चुकते.

मौखिक परीक्षेतही हेच होते. दहा मात्रांच्या झपतालाची तिगुन, म्हणजे तेच बोल तिप्पट लयीत, कितव्या मात्रेपासून सुरू केली तर समेवर येईल, असे विचारले की भल्याभल्यांची गाडी अडते. तिला आजच हा हिशेब करायला सांगा.

उत्तर: माजी विद्यार्थी, सध्या पुण्यात

मॅडमनी लिहिलेले सर्व खरे आहे. मी उपस्थितीविषयी लिहितो, कारण माझे एक सत्र त्यातच गेले. बहुतेक विद्यापीठांत परीक्षेला बसण्यासाठी ७५ टक्के उपस्थिती लागते. मी पहिल्या वर्षी दिवाळी पहाटच्या कार्यक्रमांना साथीला गेलो, पुढे दत्तजयंतीला गेलो, आणि जानेवारीत सोलापुरातल्या सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेसाठी घरी आलो तो आठ दिवस राहिलो. गाणे चालूच आहे, तेव्हा शिक्षण थांबलेले नाही, असे मी मनाशी धरले होते. विभागाने ते मानले नाही आणि परीक्षेचा अर्ज अडला. आज मला विभागाचे म्हणणे पटते. हाच काळ ऐन कार्यक्रमांचा असल्यामुळे ताईला आमंत्रणे येतीलच, तेव्हा तिने तारखा आधी विभागाला लेखी कळवाव्यात.

दुसरे असे की, पहिल्या सत्रापासूनच ग्रंथाध्ययनाला वेळ द्यावा. देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवांनी तेराव्या शतकात लिहिलेल्या ‘संगीत रत्नाकरा’चे सात अध्याय, ग्राम-मूर्च्छना, बावीस श्रुती हे परीक्षेच्या आदल्या रात्री डोक्यात शिरत नाही.

पुन्हा मूळ प्रश्नकर्ते

दोघांचेही मनापासून आभार. मुलीने काल रात्री मागाच्या हिशेबाच्या वहीत तिगुन मांडली. दहा मात्रांचे बोल तिप्पट लयीत सव्वातीन मात्रांत बसतात, तेव्हा पावणेसात मात्रांनंतर सुरुवात करावी, असे तिचे उत्तर आहे. गुरुजी गावी गेले आहेत, म्हणून इथेच विचारतो.

उत्तर: निवृत्त संगीतशिक्षिका, रेल्वे लाइन्स

वाट बरोबर आहे, फक्त तिने पाव धरला आहे आणि तिथे तिसरा हिस्सा हवा. दहाला तीनने भागले की तीन पूर्ण आणि एक तृतीयांश मात्रा येतात. म्हणून सहा मात्रा पूर्ण झाल्यावर सातवीचेही दोन हिस्से मोकळे सोडायचे आणि तिसऱ्यावर पहिला ‘धी’ घ्यायचा. सातव्या मात्रेखाली ‘ऽऽधी’, आठवीखाली ‘नाधीधी’, नववीखाली ‘नातीना’ आणि दहावीखाली ‘धीधीना’ असे लिहावे, की पुढे सम. हातावर ताल धरून दहा वेळा म्हणून घ्या, आणि मग तिला धमाराच्या चौदा मात्रा द्या.