पांढरा भात पांढराच ठेवून चवदार कसा करता? आपापले अनुभव लिहा

आमच्याकडे रोज भात लागतो. पुलाव, मसालेभात, फोडणीचा भात यांच्या पाककृती हव्या तितक्या मिळतात, त्या इथे नकोत. हा धागा साध्या पांढऱ्या भातासाठी आहे. ताटात वाढल्यावर तो पांढराच दिसायला हवा, पण नुसता घास घेतला तरी दुसरा घ्यावासा वाटला पाहिजे. तुमच्या घरी त्यासाठी काय करतात? तांदूळ कोणता, पाणी किती, काय घालता, झाकण कधी काढता? 'अंदाजाने' न लिहिता जमेल तिथे माप द्या, म्हणजे बाकीच्यांना करून बघता येईल.

सुरुवात मी करते. माझ्या मते सगळ्यात जास्त फरक मिठाने पडतो, आणि तेही आधणात घातलेल्या. कितीतरी घरांत भात अळणीच शिजवतात, कारण आमटीत मीठ असतंच. पण शिताच्या आत मीठ गेलं नसेल तर वरून भुरभुरवलेलं वेगळं लागतं आणि भात वेगळा लागतो. एक वाटी तांदूळ म्हणजे २०० ग्रॅम धरले तर अर्धा लहान चमचा मीठ पुरतं.

रोजच्यासाठी कोलम. दोन-तीन पाण्यांनी धुऊन चाळणीत २० मिनिटं निथळत ठेवते. जाड बुडाच्या पातेल्यात चमचाभर तूप, त्यावर दोन लवंगा, मग तांदूळ. उलथन्याने हलक्या हाताने परतायचे, दाणा गरम झाला की थांबायचं, रंग बदलू द्यायचा नाही. तांदळाच्या दुप्पट उकळतं पाणी, मीठ आणि लिंबाचे चार थेंब. पाणी आटत येऊन भातावर छोटी छोटी भोकं दिसायला लागली की आच अगदी बारीक, वर झाकण, १० मिनिटं. गॅस बंद केल्यावर झाकणाखाली कोरडं सुती फडकं घालून आणखी १० मिनिटं. फडकं का, तर वाफेचं पाणी झाकणावरून परत भातावर ठिबकतं आणि वरची शितं गिच्च होतात. फडकं ते पाणी शोषून घेतं. शेवटी काट्याने कडेकडेने भात मोकळा करायचा, डावाने नाही.

मावळातून:

ताई, पद्धत चांगली आहे, पण आमचं म्हणणं असं की चव पातेल्यात यायच्या आधी खाचरातून आणि गिरणीतून येते. कोलमाला लवंग चालेल. आंबेमोहोराला मात्र लवंगही नको आणि तुपावर परतणंही नको. त्याचा वास हलका असतो, तापवला की उडून जातो. आंबेमोहोर आम्ही धुऊन अर्धा तास भिजत ठेवतो आणि मग शिजवतो. भिजलेला तांदूळ लवकर शिजतो, विस्तवावर कमी वेळ राहतो, म्हणून वास जास्त टिकतो.

दुसरी गोष्ट साठवणीची. आमच्याकडे वर्षाचं भात साळीसकट कणगीत राहतं आणि महिना-दीड महिन्याला लागेल तेवढंच गिरणीवर नेतात. ताज्या भरडलेल्या तांदळाचा भात आणि पॉलिश करून वर्षभर पोत्यात पडलेल्या तांदळाचा भात शेजारी ठेवून बघा, बाकी काही घालायची गरज वाटणार नाही. गिरणीवाल्याला पॉलिश कमी करायला सांगावं. मात्र कमी पॉलिशच्या तांदळावर कोंड्याचा अंश राहतो, त्यातल्या तेलाला खवट वास येतो, म्हणून तो थोडा थोडाच करून आणावा.

इंद्रायणीबद्दल पुष्कळ लोक विचारतात. ती वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातली, १९८७ची. आंबेमोहोर १५७ आणि आयआर-८ यांच्या संकरातून निघालेली. वास आंबेमोहोराच्या बाजूने गेलाय आणि उताराही चांगला मिळतो. तिचा भात मऊ, थोडा चिकटच व्हायचा. तो फडफडीत करायच्या नादात पाणी कमी करू नका, दाणा आतून कच्चा राहतो. नव्या तांदळाला पाणी कमी, जुन्याला वाटीमागे पाव वाटी जास्त, एवढं लक्षात ठेवलं की झालं.

ठाण्याहून:

मावळच्या दादांशी सहमत. गणपतीत आमच्याकडे आंबेमोहोराचा भात, त्याची मूद, वर साधं वरण, तूप आणि लिंबाची फोड. त्यात कुणी जिरं जरी टाकलं तरी सासूबाईंना चालत नाही आणि त्यांचं बरोबर आहे.

साठवणीवरून एक सांगते. तांदळाला एरंडेल लावून ठेवत असाल तर तीन-चार पाण्यांनी चोळून धुवा. नुसतं पाणी फिरवून शिजवला तर भातावर तेलाचा तवंग आणि तो वास राहतो, आणि मग लोक म्हणतात तांदूळच वाईट निघाला. बोरिक पावडर लावलेली असेल तर जास्तच काळजी घ्या.

मालवणहून:

नारळाच्या दुधातला भात. गोड नारळीभात नव्हे, गूळ नाही, केशर नाही. एका वाटी तांदळाला एका मध्यम नारळाचं दूध. पहिलं घट्ट दूध अर्धी वाटी बाजूला ठेवायचं. मग त्याच चवात, म्हणजे खोवलेल्या खोबऱ्यात, कोमट पाणी घालून दुसरं आणि तिसरं दूध काढायचं, ते दोन वाट्या झालं पाहिजे. भात शिजवायचा या पातळ दुधात, मीठ घालून. घट्ट दूध आधी घातलंत तर उकळीने फुटतं, तेल वेगळं होतं आणि खाली करपतं. भात होत आला की वरून ते घट्ट दूध सोडायचं, एकदा हलवायचं आणि झाकून आच बंद करायची. कुकरमध्ये करायचा तर आत भांडं ठेवूनच करा, थेट कुकरात बूड लागतं.

पावसाळ्यात अंगणात हळदीची पानं माजलेली असतात. एक पान धुऊन, दुमडून भातावर ठेवायचं आणि मग झाकण. पातोळ्यांना जो वास येतो तोच भाताला, पण पुसट. या भाताबरोबर सोलकढी घेऊ नका, दोन्हीकडे नारळ होतो. कुळथाची पिठी घ्या, नाहीतर सुक्या जवळ्याची तिखट चटणी.

आमची आजी रोजचा भात वेळायची. मोठ्या टोपात भरपूर पाणी, त्यात मीठ, पाण्याची चव आमटीइतकी खारट. शीत बोटांत दाबून मधे बारीक कणी लागली की टोपावर ताटली धरून पेज गाळायची, आणि टोप पुन्हा निखाऱ्यावर. निम्मं मीठ पेजेबरोबर जातं, म्हणून पाणी तेवढं खारट लागतंच. पेज मुलांना गरम गरम, तूप घालून. असा भात दाण्याला दाणा सुटा होतो, पण त्यातलं थोडं सत्त्व पेजेत जातं, म्हणून पेज ओतून देऊ नये.

नागपूरहून:

आमच्याकडे भात पांढरा ठेवायचा आणि चव त्याच्या वर ओतायची. वडाभात माहीत असेल. हरभरा, तूर, उडीद, मूग अशा डाळींचा भरडा भिजवून त्यात तिखट, मीठ, हिंग, तीळ घालतात आणि छोटे वडे तळतात. साधा मोकळा भात ताटात, त्यावर दोन-तीन गरम वडे हाताने कुस्करायचे आणि वरून फोडणीचं तेल. तेल कडकडीत, मोहरी तडतडली की हिंग, मग सुक्या लाल मिरच्या, आच बंद. जेवणाऱ्याने आपापल्या वाटीतून घ्यायचं. सोबत कढी, नाहीतर चिंचवणी.

वडे करायला रोज कुठे वेळ असतो? रोजच्यासाठी नुसतं हिंगाचं तेलही पुरतं. दोन मोठे चमचे तेलाला पाव चमचा हिंग. मी मुद्दाम खडा हिंग आणते. छोटा खडा तेलात फुलवून घ्यायचा, बाहेर काढून चमच्याने चुरडायचा आणि परत तेलात घालायचा. डबीतल्या हिंगात पिठाचा भाग जास्त असतो, त्यामुळे तो लवकर जळतो आणि कडवट लागतो.

तांदळाबद्दल आमच्या भागाचंही सांगायला हवं. एचएमटी हा आज सगळीकडे विकला जाणारा तांदूळ चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या छोट्याशा शेतात निवड करत करत तयार केला. बारीक, मोकळा, वरणाला फार चांगला. दादाजी २०१८ मध्ये गेले. पोत्यावर ते नाव वाचताना लोकांना हा माणूस आठवायला हवा असं मला मनापासून वाटतं.

लातूरहून:

तांदूळ चांगला, पद्धत चांगली, तरी भात पिवळट आणि चवीला जड होत असेल तर पाणी तपासा. आमच्याकडे बोअरचं पाणी आहे, फार जड. क्षारयुक्त पाण्यात तांदळातली रंगद्रव्यं पिवळी पडतात. आम्ही तांदूळ बोअरच्या पाण्याने धुतो, पण शेवटचं पाणी आणि शिजवायचं पाणी फिल्टरचं घेतो. ते नसेल तर धागाकर्तीने लिहिलेले लिंबाचे थेंब हाच उपाय, फक्त चारऐवजी अर्धा चमचा घ्या. आंबट लागत नाही.

पुण्याहून, मुलगा वसतिगृहात:

इलेक्ट्रिक कुकर, एक वाटी तांदूळ, एक ठेचलेली लसूण पाकळी, चार मिरे, चमचाभर तूप, मीठ. सगळं एकदम. वर घरून आलेलं मेतकूट.

त्याचीच आई:

मेतकुटाचं मी लिहिते. हरभरा डाळ एक वाटी, उडीद डाळ आणि तांदूळ पाव पाव वाटी, गहू दोन चमचे, धणे-जिरे एकेक चमचा, मेथी आणि मोहरी अर्धा अर्धा चमचा. प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा, कारण डाळ तांबूस व्हायला जो वेळ लागतो तेवढ्यात मेथी जळून कडू होते. दळताना हळद, हिंग, सुंठ. भात यासाठी मऊच हवा, इंद्रायणीचा. गरम भातावर आधी तूप आणि मीठ, मग मेतकूट. कालवल्यावर रंग बदलतो हे खरं, पण ताटात वाढताना तो पांढराच असतो, तेव्हा या धाग्यात बसावं!

नाशिकहून:

वडिलांना रक्तदाबामुळे मीठ कमी करायला सांगितलंय, त्यामुळे आधणातल्या मिठाचा मार्ग आमच्यासाठी बंद आहे. कुणी काही वेगळं करतं का?

धागाकर्ती:

नाशिककर, सुगंधी तांदूळ घ्या, मीठ नसलं तरी भात सपक वाटत नाही. शिजताना लिंबाच्या सालीचा एक पातळ तुकडा घाला, फक्त पिवळा भाग, आतला पांढरा कडू असतो. नागपूरच्या ताईंचं हिंगाचं तेल तुम्हाला चालेल, त्यात जिरं आणि कढीपत्ता वाढवा. बाजारची लोणची-पापड याऐवजी जवसाची चटणी घरी करून लसूण जास्त, मीठ कमी असं करता येईल.

तोक्योहून:

इथे आखूड, चिकट जातीचा तांदूळ मिळतो, तो गोडसर असतो आणि वरणाबरोबर सुरुवातीला विचित्र वाटतो. इथल्या लोकांकडून एक गोष्ट मी उचलली. कोम्बू म्हणजे वाळवलेलं समुद्री शेवाळ. त्याचा बोटभर तुकडा ओल्या फडक्याने पुसून तांदूळ-पाण्यात अर्धा तास ठेवायचा आणि त्याच पाण्यात भात लावायचा. पाण्याला उकळी यायच्या आधी तुकडा काढून टाकते. शाकाहारी आहे, माशाचा वास येत नाही, आणि भाताला एक भरीव चव येते. त्यात ग्लुटामेट, म्हणजे ही भरीव चव देणारं द्रव्य, भरपूर असतं, त्यामुळे मीठही निम्मं पुरतं. नाशिककरांनी मात्र लक्षात ठेवावं की कोम्बूवर स्वतःचं मीठ असतं आणि त्यात आयोडीनही खूप असतं. घरात थायरॉइडचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

अमेरिकेतल्या लोकांसाठी: तिथल्या काही तांदळांवर जीवनसत्त्वांचा थर दिलेला असतो. पाकिटावर तसं लिहिलेलं असेल तर धुतल्याने तो निघून जातो. मी तिथे असताना असा तांदूळ घेतच नसे, कारण न धुतलेला भात मला आवडत नाही.

गोव्याहून:

आमच्या शेजारच्या ख्रिस्ती घरात सणाला कोंबडीच्या हाडांच्या पाण्यात भात शिजवतात. कांदा तुपावर नरम करून, लाल न होऊ देता, त्यात लवंग, दालचिनी, मग तांदूळ आणि ते पाणी. मांसाहारी घरांनी करून बघावा. घरी हाडं उकळून केलेलंच पाणी घ्या. बाजारात असं पाणी करायला ज्या तयार वड्या (स्टॉक क्यूब) मिळतात त्यांत मीठ इतकं असतं की भाताची चव उरत नाही.

पुन्हा ठाण्याहून:

अन्नपूर्णेचं पान कुणीच कसं लिहिलं नाही? काही जण त्याला बासमतीचं पान म्हणतात. केवड्याच्या कुळातलं, लांब हिरव्या पात्यांचं झाड. झाडावर पान हुंगलं तर फारसा वास येत नाही, गरम वाफ लागली की येतो. आंबेमोहोर आणि बासमती यांच्या सुगंधात जे द्रव्य मुख्य असतं, २-असिटाइल-१-पायरोलिन, तेच या पानात असतं. म्हणून रेशनच्या तांदळालाही तोच सुगंध येतो आणि वरून काही लावल्यासारखा वाटत नाही. दोन वाट्या तांदळाला वीतभर पान, गाठ मारून पाण्यात सोडायचं, वाढताना काढून टाकायचं. जास्त घातलंत तर गवतासारखी चव येते.

झाड कुंडीत छान वाढतं. अर्धवट सावली आणि भरपूर पाणी हवं, थंडीत वाढ मंदावते. बुंध्याशी पिलं फुटतात, खाली मुळं दिसली की ती अलगद सोडवून लावायची. माझ्या कुंडीत आत्ता बरीच आली आहेत. ठाणे-मुलुंड भागात कुणाला हवी असतील तर इथे लिहा. पाऊस आहे तोवर लावलीत तर लगेच धरतील.