मांजराची तीन पिल्लं फॉस्टर करतेय, १५०० रुपयांत काय काय घेऊ? (सांगली)

विश्रामबागकर
नमस्कार मंडळी. मार्केट यार्डात ओळखीच्या अडत्याच्या हळदीच्या गोदामात बारदानामागं तीन पिल्लं सापडली. एक रात्र आणि दुसरा अख्खा दिवस लांबून लक्ष ठेवलं, आई फिरकलीच नाही, मग परवा घरी आणली. डॉक्टर म्हणाले साधारण चार आठवड्यांची आहेत. दोन काळ्या माद्या आणि एक पांढरा बोका, म्हणजे मुळात पांढरा, सध्या हळदीत लोळून पिवळाधमक झालाय, पंजे तर नवरीसारखे. घर भाड्याचं, दोन खोल्या. मालक म्हणाले कायमची ठेवायची नाहीत, चांगलं घर मिळेपर्यंत ठेवा. बजेट १५०० आहे, त्याच्या वर खरंच जमणार नाही. दूध कुठलं द्यायचं, पिंजरा लागतोच का, आणि देताना माणसं कशी पारखायची?

मिरजवाला
पिंजरा घ्याच. मी साडेचार हजाराचा तीन मजली घेतला, चाकं आहेत, खाली ट्रे आहे, पाच वर्षं झाली एक तार वाकली नाही. पिंजऱ्याशिवाय फॉस्टरिंग करूच नये.

गावभागची_आजी
पोरी शेळीचं दूध दे. आमच्या घरी चाळीस वर्षं मांजरं आहेत, सगळी शेळीच्या दुधावर वाढली. आणि त्या पांढऱ्याला आंघोळ घाल आधी.

कुपवाड_एमआयडीसी
आंघोळ अजिबात नको! एवढ्या लहान जिवाला अंगातली ऊब टिकवता येत नाही. मी एकदा ग्रीस लागलेलं पिल्लू धुतलं होतं, तासाभरात गार पडलं, रात्रभर छातीशी धरून बसलो तेव्हा वाचलं. कोमट पाण्यात फडकं पिळून पुसा आणि लगेच कोरडं करा. थोडी हळद राहिली तर राहू दे.

मिरजवाला
साडेचार हजार जास्त वाटत असतील तर सेकंडहँड तीनला मिळेल.

माऊची_ताई
ताई, मी आजवर अकरा पिल्लं सांभाळून घरोघरी दिलीत म्हणून सविस्तर लिहिते. गाईचं दूध नको, त्यातलं लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, पचत नाही, जुलाब लागतात आणि लहान पिल्लू जुलाबानं एका दिवसात सुकतं. शेळीच्या दुधातही लॅक्टोज असतंच, आजींचा मान ठेवून सांगते. पिल्लांची मिल्क पावडर मिळते, लहान डबा घ्या. चार आठवड्यांची आहेत म्हणजे आता पावडरीच्या दुधात बिनमिठाचं शिजवलेलं चिकन अगदी बारीक वाटून बशीत द्यायला लागा. कांदा-लसूण लागलेलं काही नको, मांजराला ते विषच. बाटलीनं पाजताना पालथं ठेवून पाजा, माणसाच्या बाळासारखं उताणं धरू नका, दूध फुप्फुसात जातं. अंग गार लागलं तर आधी ऊब द्या, मग दूध. आणि किचनच्या काट्यावर रोज वजन करून वहीत लिहा. आठवड्याला साधारण शंभर ग्रॅम वाढायला हवं. वजन थांबलं की दुसऱ्या दिवसाची वाट न बघता डॉक्टर.

साताऱ्याचा_बाळू
आमच्या जिल्ह्यात शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथं दाखवा सरळ. सांगलीत काय आहे?

कुपवाड_एमआयडीसी
पिल्लं घेऊन शिरवळला जायचं म्हणजे दिवस मोडतो राव. जंताच्या औषधासाठी एवढं? इथले डॉक्टर देतात की.

हरिपूरचा
लई जीव लावू नका, मग सोडवत न्हाई. २०१९ च्या पुरात आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं तवा आमची मांजर आन तिची चार पिल्लं पाटीत घालून शेजाऱ्यांच्या गच्चीवर नेली. पाणी वसरल्यावर पिल्लं देऊन टाकली लोकांना, आज बी बायको नावं काढती त्यांची.

वखारभाग_२२
सगळे दूध आणि पिंजऱ्यावरच बोलताय. ताई, त्या घरात मागं कुठलं मांजर आजारी पडून गेलं होतं का, ते मालकांना विचारा. माझ्याकडं एक पिल्लू पॅनल्यूकोपेनियानं, म्हणजे मांजरांच्या एका संसर्गजन्य रोगानं, गेलं, उलट्या, जुलाब, दोन दिवसांत संपलं. मी फिनेल मारून त्याच खोलीत तीन महिन्यांनी दोन नवीन आणली, तीही गेली. नंतर कळलं की तो विषाणू वर्षभरसुद्धा टिकतो आणि त्याला ब्लीचच लागतं. अजून त्या खोलीत पिल्लू ठेवायची हिंमत होत नाही. आठ आठवड्यांना ट्रायकॅट लसीचा पहिला डोस, तीन-चार आठवड्यांनी दुसरा, रेबीजची लस बारा आठवड्यांना. हे चुकवू नका.

गावभागची_आजी
काळ्या कोणी नेणार नाही, लोक अशुभ मानतात. मिळेल त्याला एकेक देऊन टाक लवकर. पांढऱ्याला गिऱ्हाईक पटकन.

माऊची_ताई
लवकर नाही! आठ आठवड्यांआधी देऊ नका. पण एकेक दिलेलं सोपं जातं हे खरंय, जोडी मागणारे फार कमी. घर बघून या, खिडक्यांना जाळी आहे का ते बघा, घरातल्या सगळ्यांचा होकार आहे का ते सगळ्यांसमोर विचारा. मादी चार-पाच महिन्यांतच गाभण राहू शकते, त्यामुळं नसबंदीचं ऑपरेशन करणार असं लिहून घ्या. आणि पिसवा दिसल्या तर कुत्र्याचं औषध लावू नका, त्यातलं परमेथ्रिन मांजराच्या जिवावर बेततं.

मिरजवाला
पिंजरा असता तर हे सगळे प्रश्न आलेच नसते.

विश्रामबागकर
सगळ्यांचे मनापासून आभार, आज तेरावा दिवस. पिंजरा घेतला नाही. जुन्या दिवाणाचा ड्रॉवर काढला, खाली आईचं सुती लुगडं, एका कोपऱ्यात गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून. शेजारी प्लास्टिकच्या टबात बारीक वाळू, दोन दिवसांत तिघंही शिकली. पावडर, जंताचं औषध, चिकन धरून ११८० झालेत. ट्रायकॅटला एवढ्यात भागणार नाही, त्यासाठी भिशीचे थोडे काढणार आहे. वखारभाग_२२, मालकांना विचारलं, या घरात कधी मांजर नव्हतं. तुमचं वाचून रात्री झोप लागली नाही मला.

आणि आजी, ताई, रागावू नका, पण काळ्या दोघी वेगळ्या देणार नाही. काल एकीला वजनाला काट्यावर ठेवली तर दुसरी ड्रॉवरच्या कडेला दोन पाय टेकून ओरडत होती, बहीण परत आल्यावरच गप्प झाली. मग दोघींनी एकमेकींचे कान चाटले. महिना लागो नाहीतर तीन, जोडीनंच जातील, मालकांशी मी बोलेन. पांढऱ्यासाठी तीन फोन आलेत, पण आठ आठवडे होईपर्यंत कुणाला हो म्हटलेलं नाही. आज ५६० ग्रॅम भरला. कानामागं अजून पिवळा आहे.